समुद्राकडची खोली

अद्वय आणि गुंजनची ओळख आयर्लंडमधल्या गॉलवेच्या विद्यापीठात झाली. मैत्री मात्र जमली ती एका बंद हॉटेलच्या पडवीत.

एम.एस्सी.चं पहिलंच वर्ष होतं. अद्वय मिरजेचा, गुंजन ठाण्याची. वर्गातली मुलं मिळून समुद्र बघायला गेली आणि परतीची बस नेमकी या दोघांची चुकली. पुढची बस संध्याकाळी. पाऊस आडवा लागलेला. रस्त्याच्या कडेला खिडक्यांना फळ्या ठोकलेलं एक हॉटेल होतं, त्याच्या पडवीत दोघं उभी राहिली. थोड्या वेळाने अद्वयने दार सहज ढकललं, तर ते उघडलं. आत जेवणाची टेबलं तशीच मांडलेली होती. एकावर मिठाची नि मिरपुडीची बाटली शेजारी शेजारी उभी. गालिच्यावर शेवाळ धरलं होतं आणि पाय ठेवला की त्यातून पाणी निघत होतं.

गुंजनला वाटलं, हा आता फोटो काढून हसत सुटेल. पण अद्वय एकदम हळू आवाजात बोलायला लागला, झोपलेल्या माणसाच्या खोलीत बोलावं तसा. आधीच्या सुट्टीत तो स्वस्तातल्या विमानाने इटलीच्या दक्षिणेला जाऊन आला होता. तिथे डोंगरावर एक आख्खं गाव रिकामं बघितलं त्याने. दरड कोसळली म्हणून लोक उठून गेले ते परतलेच नाहीत. चर्च, विहीर, पायऱ्या, सगळं जागच्या जागी.

"तेव्हापासून मला हा नाद लागलाय," तो म्हणाला. "माणसं गेली की घर लगेच पडत नाही गं. बरीच वर्षं वाट बघतं."

गुंजनलाही मग तो नाद लागला. पुढची दोन वर्षं महिन्यातून एकदा दोघं कुठेतरी जायचीच. अकिल बेटावर डोंगराच्या उतारावरचं ओसाड गाव, किलकेनीकडची एक जुनी खानावळ, लीट्रिममधली अर्धवट सोडलेली कॉलनी, जिथे दिव्यांचे खांब सरळ गवतातून वर आले होते. त्यांचा नियम होता: काही फोडायचं नाही, काही उचलायचं नाही, दार उघडं असेल तरच आत जायचं. अद्वय फोटो काढायचा. गुंजन खोल्यांमधून फिरत इथे कोण राहत असेल याचे अंदाज बांधायची. वर्गातल्या मुलांना वाटायचं यांचं काहीतरी चालू आहे. तसं काही नव्हतं. एकमेकांबरोबर गप्प बसता येत होतं, एवढंच.

शिक्षण संपल्यावर गुंजनला एनिसजवळच्या एका कारखान्यात नोकरी लागली. हृदयाच्या शस्त्रक्रियेत वापरतात त्या बारीक नळ्या तिथे तयार व्हायच्या. तिचं काम त्या तपासण्याचं. अद्वय डब्लिनला एका छोट्या कंपनीत लागला आणि ब्युमॉन्टमध्ये खोली घेऊन राहिला. वर्षभर बरं चाललं. मग कंपनीने त्याचा विभागच बंद केला. मग घरमालकाने घर विकायला काढलं. हे सगळं गुंजनला तुकड्यातुकड्यांनी कळलं, आणि प्रत्येक तुकडा त्याने हसत हसतच सांगितला. "ग्रँड आहे गं सगळं," हे त्याचं शेवटचं वाक्य. इथल्या लोकांकडून उचललेला शब्द, म्हणजे 'सगळं ठीक'. तो आला की विषय संपला.

सप्टेंबरात त्याने सांगितलं, घरून करायचं काम मिळालंय आणि क्लेअरच्या किनाऱ्याला जागा घेतलीय.

"क्लेअरमध्ये? म्हणजे माझ्या जवळच की! कुठे?"

"अगं, समुद्राला लागूनच. अजून सामान लावायचंय. लागलं की बोलावतो."

ते बोलावणं काही आलं नाही. गुंजननेही लावून धरलं नाही. कारखान्यातलं काम, पाळ्या, हिवाळ्यातले ते चार तासांचे वाटावेत असे अंधारलेले दिवस. ती फोन करायची, तो म्हणायचा, पुढच्या महिन्यात नक्की.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला ब्रिजिड डेची जोडून सुट्टी आली. गुंजनने नुकतीच जुनी गाडी घेतली होती. रविवारी सकाळी ऊन पडलं तशी तिने ठरवलं, एकटीनेच जायचं. किनाऱ्यावरचं कॅरिगमोर नावाचं एक हॉटेल तिने आणि अद्वयने मुद्दाम राखून ठेवलं होतं. सगळ्यात सुंदर ते सगळ्यात शेवटी, असं तो म्हणायचा. तिथे जाऊन फोटो काढायचा आणि त्याला पाठवून जळवायचं, असा तिचा बेत.

गावाच्या तोंडाशी पेट्रोल पंप होता. तिथल्या दुकानात तिने कॉफी घेतली. गल्ल्यावरच्या बाईंनी, त्यांना सगळे ब्रीडा म्हणत होते, तिच्याकडे बघून विचारलं, "वर 'युअर मॅन'कडे निघालीस होय?"

इथे कुणाही माणसाला 'युअर मॅन' म्हणतात; गुंजनला वाटलं, या कुणा दुसऱ्याबद्दल बोलतायत. ती म्हणाली, "नाही, हॉटेल बघायला. ते बंद असतं ना?"

"बंद होऊन कितीतरी वर्षं झाली. माझं लग्न तिथेच झालं होतं." ब्रीडाबाईंनी तिला एकदा नीट न्याहाळलं. मग पावाची एक लादी पिशवीत घालून तिच्यापुढे सरकवली. "हा घेऊन जा. कालचा आहे, पण चांगला आहे."

इथल्या बायका असं काहीबाही देतात, म्हणून गुंजनने घेतला.

हॉटेल टेकाडावर होतं, दुमजली, पांढरा रंग उडून करडं पडलेलं. पुढचं दार साखळीने बंद. मागे स्वयंपाकघराच्या दाराला लावलेली फळी एका बाजूने सुटी होती. ती आत शिरली. भटारखान्यातल्या भल्यामोठ्या शेगड्या गंजल्या होत्या. नाचाच्या हॉलमध्ये छताचा एक तुकडा खाली आला होता आणि तिथून आभाळ दिसत होतं. ती जिन्याशी आली आणि थांबली.

हिंगाचा वास येत होता.

आधी तिला भासच वाटला. मग मोहरी तडतडल्याचा आवाज आला. पाठीतून एक शिरशिरी गेली. पण भूत काही फोडणी घालत नाही, एवढा विचार तिला सुचला आणि ती वर गेली. बोळाच्या टोकाच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत, खोलीच्या मधोमध, एक छोटा हिरवा तंबू ठोकला होता. तंबूपुढे सहलीला नेतात तसल्या गॅसवर पातेलं, आणि पातेल्यापुढे उकिडवा बसलेला, लोकरी टोपी कानावर ओढलेला अद्वय.

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. फोडणी करपायला लागली तेव्हा त्याने आधी गॅस बंद केला.

"तू इथे काय करतोयस?" गुंजनने विचारलं. विचारताना उत्तर तिला कळत होतं.

"राहतोय," तो म्हणाला. मग जरा हसला. "ये ना. बूट असू देत, जमीन गार आहे. चहा घेशील?"

तिने चहा घेतला. न घेऊन काय करणार होती? त्याने तिला उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसवलं आणि पाहुणीला घर दाखवावं तसं सगळं दाखवलं. भिंतीतलं कपाट, म्हणजे इथल्या भाषेत प्रेस, त्यात तांदूळ, मुगाची डाळ, आईने पाठवलेला हिंग आणि मेतकुटाची बाटली. पाणी किनाऱ्यावरच्या सार्वजनिक नळाचं. आंघोळ आठवड्यातून दोनदा, पोहण्याच्या तलावावर. कपडे पेट्रोल पंपाच्या आवारातल्या धुलाईयंत्रात. फोन ब्रीडाबाईंच्या दुकानात चार्ज व्हायचा. तंबू यासाठी, की खोली तापत नाही, पण तंबू माणसाच्या श्वासाने तापतो. बोलता बोलता त्याला खोकल्याची उबळ आली आणि ती बराच वेळ थांबली नाही.

"ते घरून करायचं काम?" गुंजनने विचारलं.

"नव्हतंच."

"आणि व्हिसा?"

"संपला. नाताळच्या आधी."

"अरे, मग मला का नाही सांगितलंस? मी एनिसला बसलेय, तासाभरावर!"

"सांगणारच होतो. नोकरी लागली की सांगणार होतो." तो कपाकडे बघत म्हणाला. "रोज अर्ज करत होतो, गुंजन. ग्रंथालयात बसून. खरंच करत होतो. मग कधीतरी करायचा थांबलो. कोणत्या दिवशी थांबलो ते मलाही माहीत नाही."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने बोट ओठांवर ठेवलं, टोपी काढली, बोटांनीच केस सारखे केले आणि खिडकीशी गेला. फोन असा धरला, की त्याचा चेहरा आणि त्याच्यामागे नुसता समुद्र दिसावा.

"बोल आई."

"जेवलास काय?" विभावरीकाकूंचा मिरजेचा ठसठशीत आवाज त्या रिकाम्या खोलीत घुमला.

"आत्ताच. खिचडी केली होती."

"बघू समुद्र. अगंबाई, आज किती निळा दिसतोय! अहो, बघा की इकडं." मग मागून बाबांचा, रमेशकाकांचा आवाज आला. ते साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले होते आणि सगळं मोजूनमापून विचारायचे. "हीटर नीट चालतोय का? खोलीत तापमान किती असतं?"

"मस्त असतं बाबा. ग्रँड."

"किती शांत आहे रे तुझ्याकडं," काकू म्हणाल्या. "शेजारीपाजारी कोण नाहीत वाटतं?"

"आहेत ना. शांत आहेत सगळे."

धुळीने गुंजनला शिंक आली. तिने तोंड दाबलं तरी आलीच.

"कोण आहे तिथं?"

अद्वयने तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत एवढी विनवणी होती, की गुंजन उठली आणि त्याच्याशेजारी खिडकीत जाऊन उभी राहिली. "मी गुंजन, काकू. सुट्टी होती म्हणून आले."

"गुंजन! बाळ, बरं झालं गेलीस. कसं आहे गं त्याचं घर? हा मेला खिडकीच्या पुढं काही दाखवत नाही."

गुंजनच्या पायाशी ओला गालिचा होता. भिंतीवरचा कागद पट्ट्या-पट्ट्यांनी लोंबत होता. "छान आहे, काकू," ती म्हणाली. "खूप उजेड आहे."

"तू बघितलंस ना, आता मला काळजी नाही," काकू म्हणाल्या.

फोन बंद झाल्यावर त्याने टोपी पुन्हा कानांवर ओढली. मग अद्वय म्हणाला, "चल, वर फिरून येऊ. तुला गाव दाखवायचंय."

हॉटेलच्या मागे चढावर एक जुनं गाव होतं. म्हणजे छप्पर गेलेल्या दगडी भिंती, त्यांची दोन-चार त्रिकोणी टोकं आणि मध्ये मेंढ्या. ऊन तिरपं होतं म्हणून गवताखालचे जुने वाफे ओळीने उठून दिसत होते. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळाआधी इथे बटाटे लावत. बटाटा सडला तेव्हा गाव मेलं, उरलेले बोटीने गेले. गुंजनने असली गावं पाहिली होती, पण अद्वय इथे रोज येत असणार. त्याला प्रत्येक उंबरा ठाऊक होता.

एका घरापाशी तो थांबला. चारी भिंती आतल्या बाजूला कोसळून दगडांचा ढीग झाला होता.

"ब्रीडा सांगते, हे पडलेलं नाही, पाडलेलं आहे. खरं-खोटं मला माहीत नाही. ती म्हणते, काही घरांतले लोक शेवटी दार आतून लावून घ्यायचे. शेजाऱ्यांनी आपल्याला त्या अवस्थेत बघू नये म्हणून. मग काही दिवसांनी गावकरी येऊन भिंती आत ढकलायचे. तीच त्यांची मूठमाती."

गुंजनने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो अगदी सहज, माहिती सांगावी तसं बोलत होता, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

"तू आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर एनिसला येतोयस," ती म्हणाली.

त्याने नाही म्हटलं, मग खोकला, मग हो म्हटलं. तंबू, पातेलं, प्रेसमधल्या बाटल्या, सगळं तिच्या गाडीच्या मागच्या सीटवर मावलं. पावाची लादी पुढे, त्याच्या मांडीवर.

एनिसमध्ये गुंजनबरोबर लिजी नावाची केरळची नर्स राहत होती, तिथल्याच हॉस्पिटलात कामाला. तिने अद्वयच्या पाठीला कान लावला आणि दुसऱ्या दिवशी त्याला जबरदस्तीने डॉक्टरकडे नेलं. छातीत कफ भरला होता, अंगात तापही होता. औषधांनी ताप उतरला. बैठकीतल्या सोफ्यावर रेडिएटरला पाठ लावून तो दिवस दिवस झोपायचा. गुंजन कामावरून आली की भांडी घासलेली असायची, कपड्यांच्या घड्या घातलेल्या असायच्या. उशीही तो अशी ठेवायचा, की तिथे कुणी झोपतं हे कळू नये.

गुंजन त्याला समजावायची. वकील बघू. बाहेरून आलेल्यांना मदत करणारी इथे एक संस्था आहे, तिला विचारू. नाहीतर सरळ घरी जा, पुन्हा ये. तो सगळ्याला मान हलवायचा. घरी जाण्याचा विषय निघाला की मात्र उठून पाणी प्यायला जायचा.

"अरे, ते तुझे आईबाबा आहेत. फाशी देणारेत का?"

"बाबांनी कॉलनीत सगळ्यांना सांगितलंय," एकदा तो म्हणाला. "कुणी घरी आलं की आई त्यांना माझी खिडकी दाखवते. फोनवर साठवून ठेवलीय तिने. सारंगच्या लग्नात तर पंगतीत फिरवली." सारंग त्याचा चुलतभाऊ. "मी परत गेलो तर ती खिडकी कुठे जाईल?"

मार्चच्या मध्यावर एक दिवस ती घरी आली तर सोफा रिकामा. फोन बंद. लिजी ड्युटीवर. गुंजन कपडे न बदलता तशीच गाडी काढून किनाऱ्याला गेली. सूर्य मावळायला आला होता. तो हॉटेलमध्ये नव्हता. खाली खडकांवर, पार पाण्याच्या टोकाशी बसला होता, बुटांवर फेस येत होता. तिने हाका मारल्या; त्याने वळून पाहिलं आणि उठायला इतका वेळ लावला, की गुंजनला आपला श्वास ऐकू यायला लागला.

"नुसता बसलो होतो," गाडीत तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, तो झोपलेला असताना, तिने बाहेर गाडीत बसून मिरजेला फोन लावला. काय सांगायचं हे तिने मनात बरंच घोळवलं होतं, पण काकूंचा आवाज ऐकल्यावर सगळं उलटंसुलटं बाहेर पडलं. नोकरी नाही, व्हिसा नाही, हॉटेल बंद पडलेलं, खोलीत तंबू.

मग काकू म्हणाल्या, "तू स्वतः मला म्हणालीस. छान आहे, उजेड आहे."

"मी खोटं बोलले, काकू."

"मग आत्ता खरं बोलतेस कशावरून?" आवाज चढला. "माझा मुलगा बेवारशासारखा पडक्या घरात राहतोय म्हणतेस? त्याच्या बरोबरीच्या पोरी तुम्ही, त्याचं चांगलं झालेलं बघवत नाही काय गं तुम्हाला? मी रोज बघते त्याला. रोज!"

गुंजनला रडू फुटलं. तेवढ्यात फोन रमेशकाकांनी घेतला. मागे काकू बोलतच होत्या. काकांनी एकच विचारलं, "तो आत्ता कुठं आहे?"

"माझ्याकडे. झोपलाय."

"उठवू नको," ते म्हणाले. "त्याच्याजवळच थांब. मी तिकिटाचं बघतो."

अद्वयला त्यांनी काय लिहिलं ते गुंजनला कधी कळलं नाही. संध्याकाळी त्याने फोन पाहिला, उलटा करून टेबलावर ठेवला आणि तिच्याकडे न बघता सामान आवरायला लागला. ती माफी मागायला गेली, तर तो म्हणाला, "तंबू लिजीला दे. तिला ट्रेकिंग आवडतं."

आठवडाभराने, सकाळी, ती त्याला एनिसच्या बसथांब्यावर सोडायला गेली. बस थेट डब्लिन विमानतळाची होती. वारा गार होता. त्याने तिचंच जुनं जॅकेट घातलं होतं. बाकी माणसं रांगेत उभी राहिली तरी तो बाकावर बसून होता.

"तू सांगायला नको होतंस," शेवटी तो म्हणाला. रागाने नाही.

"मेला असतास तिथे."

"असतो कदाचित." त्याने बॅग खांद्याला लावली. "पण त्यांच्या लेखी मी समुद्राकाठी राहत होतो, गुंजन. ते सुखात होते."

तिला पुष्कळ बोलायचं होतं. तू सुखात होतास का, हेही विचारायचं होतं. पण बस सुरू झाली होती. तो चढला आणि पलीकडच्या बाजूच्या सीटवर बसला, म्हणून तिला दिसला नाही.

पोहोचल्याचा निरोप त्याने पाठवला नाही. तिने चार-पाच वेळा लिहिलं. संदेश वाचल्याची खूण उमटायची, उत्तर यायचं नाही. पुढे तिनेही लिहायचं थांबवलं. सुट्ट्या आल्या, गेल्या. बंद हॉटेलांचा नाद सुटला. एकटीला ते जमेना, आणि दुसऱ्या कुणाला नेण्याची इच्छा होईना.

जुलैत एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत ती कारखान्याबाहेरच्या बाकावर बसली होती. मिरजेच्या नंबरावरून फोन आला.

"मी अद्वयची आई," काकू म्हणाल्या. जणू तिला आवाज ओळखू आला नसता. आणि मग इकडचं तिकडचं काही न बोलता त्यांनी विचारलं, "गुंजन, तिथं रात्री थंडी किती पडते?"

तिला कळलं, काय विचारतायत ते. "फार पडते, काकू. तो तंबूत झोपायचा. असतील ते सगळे कपडे घालून."

"पाणी कुठनं आणायचा?"

"खाली किनाऱ्यावर नळ आहे. तिथून."

"चढ आहे?"

"हो. बराच."

"आणि आजारी पडला तर?"

"खोकला होता. नंतर डॉक्टरला दाखवलं."

काकू प्रत्येक उत्तरानंतर थांबत होत्या, जशी एकेक वस्तू नीट बघून बाजूला ठेवावी. "कधीपासनं होता तिथं?"

"सप्टेंबरपासून."

"म्हणजे दिवाळीत तिथंच." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "दिवाळीत मी म्हटलं होतं त्याला, खिडकीत एक पणती लाव, मला दाखव. लावली होती त्यानं. वाऱ्यानं सारखी विझायची. तो पुन्हा लावायचा. मी हसत होते गं. मी म्हटलं, अरे वेड्या, खिडकी बंद कर की."

त्या खिडकीला काच नव्हती, हे गुंजनने सांगितलं नाही. काकूंना ते आता कळलंच असावं.

"कसा आहे तो?" तिने विचारलं.

"बापाबरोबर सकाळी फिरायला जातो. सांगलीत एका ठिकाणी काम लागलंय, जातो-येतो. जेवतो. माझ्याशी बोलत नाही फारसं. म्हणजे बोलतो, मीठ दे, पाणी दे. मला रोज विचारावंसं वाटतं, तू तिथं कसा राहिलास. धीर होत नाही. म्हणून म्हटलं, तुला विचारावं." जरा वेळाने त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुला नाही नाही ते बोलले."

"असू दे, काकू."

"असू दे कसं? तू नसतीस तर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मागे कुठेतरी दार वाजलं. "आला वाटतं. ठेवते हं."

फोन बंद झाला. सुट्टी संपत आली होती, बाकीचे लोक आत निघाले होते. गुंजनने डबा उघडलाच नव्हता. तो तसाच पिशवीत टाकून ती आत गेली, हात धुतले, केसांवर जाळी चढवली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.